एक म्हणजे किती?

आमच्या गावाकडे तारेचं कुंपण घालताना एक चूक हमखास होते. शंभर फूट लांबी, दर दहा फुटांवर खांब, म्हणून माणूस दहा खांब आणतो आणि शेवटच्या टोकाला एक कमी पडतो. खांब अकरा लागतात, मधल्या फटी दहा असतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रोग्रामिंग शिकताना हीच चूक पुन्हा भेटली. तिसऱ्यांदा भेटली ती पुण्यात नोकरीला लागल्यावर, माणसांच्या पाठीत.

मी अमेरिकेतल्या डॉक्टरांची बिलं तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. तिथला डॉक्टर काय केलं ते लिहून ठेवतो. पुण्यात, हैदराबादेत किंवा चेन्नईत बसलेला कोडर ते वाचून प्रत्येक कृतीला पाच आकडी कोड लावतो. ते बिल विमा कंपनीकडे जाण्याआधी आमचे नियम त्यावरून फिरतात आणि चूक दिसली तर लाल खूण करतात. हे नियम लिहिणं माझं काम. तीन वर्षांपूर्वी माझ्या वाट्याला पाठदुखीचा विभाग आला, आणि त्यातही मुख्यतः मणक्यांच्या सांध्यांच्या नसा जाळण्याची शस्त्रक्रिया.

ती समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दर दोन मणक्यांमध्ये मागच्या बाजूला डावा आणि उजवा असे दोन छोटे सांधे असतात. त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. वयाने आणि ओझ्याने ते झिजतात आणि दुखायला लागतात. गावाकडे पाठ-कंबरेच्या कुठल्याही दुखण्याला ‘मणक्यात गॅप आहे’ एवढं एकच निदान असतं, त्यातले काही गॅप हे असावेत. प्रत्येक सांध्याच्या दुखण्याची खबर दोन बारीक नसा वर नेतात. एक्स-रेच्या मदतीने सुई त्या नसेजवळ न्यायची, सुईचं टोक ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं, मिनिट-दीड मिनिट थांबायचं. नस जळते, खबर थांबते. नसेचं मूळ शाबूत असल्यामुळे काही महिन्यांनी, कधी वर्षभराने ती पुन्हा वाढते. कोडाच्या वर्णनात मात्र शब्द आहे तो ‘नाश’.

आता कुंपण. कमरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या सांध्याला तिसरी आणि चौथी नस जाते. त्याच्या खालच्या सांध्याला चौथी आणि पाचवी. म्हणजे एका बाजूचे हे दोन सांधे गप्प करायचे तर तीन नसा जाळाव्या लागतात. खांब तीन, फटी दोन. (वर आणखी गंमत म्हणजे तिसरी नस चौथ्या मणक्याच्या हाडावरून जाते. त्यामुळे डॉक्टरने ‘चौथ्यावर सुई ठेवली’ असं लिहिलं, की नवा कोडर चौथी नस समजतो. आमच्याकडच्या निम्म्या शंका याच असायच्या.)

बिल किती लावायचं? २०११ संपेपर्यंत जे कोड होते त्यांत हिशेब नसांचा होई, म्हणजे तीन. २०१२ पासून ते कोड रद्द झाले आणि नवे चार आले. कंबरेच्या पहिल्या सांध्याला ६४६३५, पुढच्या प्रत्येक सांध्याला ६४६३६. मान आणि पाठीच्या वरच्या भागासाठी ६४६३३ आणि ६४६३४. मोजायचा तो सांधा, नस नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं. एका सांध्याच्या किती नसा जाळल्या याच्याशी बिलाचा संबंध नाही. सुया त्याच तीन, वेळ तोच, पण एका वर्षी तीन असलेलं काम पुढच्या वर्षी दोन झालं.

दोन्ही बाजू केल्या तर? तिथे आणखी एक गणित आहे. कोडाला ५० ही शेपटी लावायची आणि मेडिकेअर दीडशे टक्के पैसे देतं. एक आणि एक दीड.

मी नियम लिहिले, चाचण्या केल्या, ते चालले. पण ‘तीन’चे ‘दोन’ झाले तेव्हा खरं काय बदललं, हा प्रश्न डोक्यातून जाईना. कुणी खोटं बोललं नव्हतं. तीन नसाही खऱ्या, दोन सांधेही खरे.

गोटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने १८८४ साली अंकगणिताच्या पायाबद्दल एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्यात तो साधी गोष्ट विचारतो. हातात पत्त्यांचा गठ्ठा आहे, तो किती? एक कॅट म्हटलं तर एक, पाने म्हटली तर अनेक. समोर बुटांचा एक जोड आहे की दोन बूट? दिसतं तेच आहे, आकडा बदलतो. कारण संख्या वस्तूला चिकटलेली नसते, ती आपण वापरलेल्या संकल्पनेला चिकटलेली असते. काय ‘एक’ धरायचं हे आधी ठरवावं लागतं, मग मोजणी सुरू होते. फ्रेगेला यात तर्कशास्त्राचा प्रश्न दिसला. मला बुटांचा जोड वाचल्यावर कोयता आठवला.

मी पाथर्डी तालुक्यातली. आमच्याकडे दसरा-दिवाळीला निम्मं गाव ऊसतोडीला जातं. काही लांब जातात, काही आपल्याच जिल्ह्यात. आशियातला पहिला म्हटला जाणारा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास प्रवरानगरला उभा राहिला, तो आमच्याच जिल्ह्यात. पाटाचं पाणी उत्तरेकडे आणि ऊस तोडणारे हात दक्षिणेकडे, अशी या जिल्ह्याची वाटणी आहे. २०२४ मध्ये त्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, वाटणी तशीच आहे. माझे आईवडील बावीस हंगाम गेले. मी आणि भाऊ आजीजवळ राहिलो, म्हणून शाळा सुटली नाही.

मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला मिळते, टोळी किती कोयत्यांची हे विचारलं जातं. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. नवरा तोडतो, बायको वाढं काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. पैसे टनावर. दोघांतलं एक जण आजारी पडलं तर खाडा अख्ख्या कोयत्याचा. आणि व्यवहार होतो तो नवऱ्याशी. आईने बावीस हंगामांत किती टन वाहिले याचा कुठेही हिशेब नाही, कारण ‘आई’ असं एककच त्या वहीत नव्हतं.

२०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कारणं एकाहून जास्त आहेत, पण पाळीच्या दुखण्यापायी पडणारा खाडा हे त्यांतलं एक आहे. माझ्या मते हा मोजणीचाही प्रश्न आहे. दोन माणसांना एक धरलं की एकीचं दुखणं हा यंत्राचा बिघाड होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. आमच्याकडे पेढे वाटले गेले. भांडण दराचं होतं. कोयता किती माणसांचा, यावर पारावर कुणी बोलताना मी ऐकलं नाही.

म्हणून सुरुवातीला मला वाटलं, की ६४६३५ हा एक प्रकारचा कोयताच आहे. तीन सुयांचं काम करून घ्यायचं आणि दोनाचे पैसे द्यायचे. हे मी टीममधल्या सिनिअर मॅडमना म्हणालेही. त्या हसल्या आणि त्यांनी मला एक जुना अहवाल वाचायला दिला. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २००८ साली फॅसेट सांध्यांमधल्या इंजेक्शनांची तपासणी केली होती. २००६ मध्ये मेडिकेअरने मंजूर केलेल्या अशा सेवांपैकी ६३ टक्के नियमांत बसत नव्हत्या. एक ठरलेली चूक अशी, की उजवी आणि डावी बाजू केली असेल तर दीडपट लावण्याऐवजी जादा पातळीचा कोड लावून पैसे घ्यायचे. नसेवर पैसे दिले की नसा वाढतात. सुई कुणाच्या तरी पाठीत जाते, तेव्हा जादा नस म्हणजे जादा भोक.

मग दोन्हींत फरक काय? बरेच दिवस मला वाटत होतं, की एक एकक खरं आणि दुसरं खोटं असेल. तसं नाही. फ्रेगेच्या हिशेबाने दोन्ही सारखीच खरी. सांधा एक धरला की त्याखाली झाकली जाते ती नस, आणि नसेला स्वतःचं काही म्हणणं नसतं. डॉक्टरची मेहनत झाकली जाते, पण डॉक्टरला त्याच्या संघटनेत जाऊन भांडता येतं. ही कोडांची वही १९६६ पासून काढते ती अमेरिकन मेडिकल असोसिएशन, म्हणजे डॉक्टरांचीच संघटना. कोयता एक धरला की त्याखाली झाकलं जातं ते एक माणूस, आणि वही मुकादमाची.

इथवर मला बरं वाटत होतं. प्रश्न सुटल्यासारखा होता आणि मी चांगल्या बाजूला होते. मग ऐंशी टक्क्यांचा नियम माझ्याकडे आला.

नस जाळण्याआधी तीच नस दोषी आहे का हे पाहावं लागतं. त्यासाठी तिच्याजवळ भूल देणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देतात आणि दुखणं किती कमी झालं ते रुग्णाला विचारतात. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. मेडिकेअरचा नियम असा, की असं दोनदा करायचं, किमान दोन आठवड्यांच्या अंतराने, आणि दोन्ही वेळा किमान ऐंशी टक्के आराम पडला तरच जाळायला पैसे मिळतील. हा नियम कुणाच्या लहरीतून आलेला नाही. २०१७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचण्यांचा निष्कर्ष आला, की व्यायामाच्या जोडीला नस जाळल्याने, नुसत्या व्यायामापेक्षा म्हणण्यासारखा फायदा झाला नाही. टीकाकार म्हणाले, तुम्ही रुग्णच नीट निवडले नाहीत, एकाच इंजेक्शनवर पन्नास टक्के आराम पडला तरी घेतलेत. म्हणजे रुग्ण कडकपणे निवडा असं म्हणायला आधार आहे.

पण मी प्रोग्रामर आहे, मला त्यातलं गणित दिसलं. माणसं पूर्णांकात उत्तर देतात. पाचावरून एकावर आलेला माणूस बरोब्बर ऐंशी टक्क्यांनी पास होतो. आठावरून दोनावर आलेली बाई पंचाहत्तर टक्क्यांनी नापास. नवावरून दोनावर आलेलीही नापास. जिचं दुखणं सहा-सात पायऱ्या उतरलं ती बाहेर, ज्याचं चार उतरलं तो आत. चारापासून सुरुवात करणाऱ्याला तर शून्यच गाठावं लागतं. मी हे एका तक्त्यात मांडून पाठवलं. उत्तर आलं, की नियम आपला नाही, आपण फक्त तपासतो. हे खरं होतं.

मी तपासणी लिहिली. पण ती बिल झाल्यावर नाही, डॉक्टर नोंद लिहीत असतानाच दिसेल अशी. आकडा ऐंशीच्या खाली गेला की पडद्यावर पिवळी पट्टी: ‘या नोंदीवर पैसे नाकारले जाण्याची शक्यता आहे.’ ही माझीच कल्पना, आणि तिचं कौतुक झालं. नाकारली जाणारी बिलं कमी झाली. काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी मी नावं काढलेल्या नोंदी बघत होते. पट्टी येण्याआधी आकडे पसरलेले होते, साठ, सत्तर, पंचाहत्तर, नव्वद. नंतर पंचाहत्तर जवळपास दिसेनासे झाले होते आणि ऐंशीवर गर्दी होती.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये याच प्रकाराबद्दल लिहिलं होतं. त्याचं म्हणणं पुढे या शब्दांत सांगितलं जाऊ लागलं, की माप लक्ष्य झालं की ते माप राहत नाही. तो चलनाबद्दल बोलत होता. हे वाचलेलं असण्याचा मला काही उपयोग झाला नाही. त्या ऐंशींमध्ये कुणाचं खरं पंचाहत्तर होतं आणि डॉक्टरने दया म्हणून वाढवलं, कुणाचं साठ होतं आणि बिलासाठी वाढवलं, आणि कुणाला फक्त ‘नीट आठवा’ म्हटलं आणि त्यांनी नीट आठवलं, हे त्या रकान्यातून कळत नाही. पहिल्याला मी चांगलं म्हणेन, दुसऱ्याला फसवणूक. तिसऱ्याला काय म्हणू? दुखण्याचा आकडा दुसऱ्या कुणाला तपासता येत नाही. तो ज्याचा त्याने सांगायचा आणि बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा. विश्वासाच्या जागी मी पिवळी पट्टी ठेवली होती.

मागच्या वर्षी आईची पाठ धरली. पट्टा झाला, वजनं लावून झाली, गोळ्यांनी पोट बिघडलं. शेवटी एका डॉक्टरांनी एमआरआय पाहून तेच सांगितलं जे मी रोज वाचते, फॅसेट सांधे, कंबरेचे खालचे दोन, उजवी बाजू. आधी इंजेक्शन देऊन बघू, मग नसा जाळू. आमच्यात विमा नाही, पैसे मी देणार होते, त्यामुळे ऐंशीचा प्रश्नच नव्हता.

डॉक्टर म्हणाले, “मावशी, दहापैकी किती दुखतं?”

“दहापैकी म्हंजी? बसल्यावर का वाकल्यावर?”

“जास्तीत जास्त दुखतं तेव्हा.”

ती जरा थांबली. “मोळी उचलल्यावर दुखायचं तेवढं न्हाई. पण आता मोळी कुठंय. आठ धरा.”

इंजेक्शननंतर तासाभराने ती व्हरांड्यात चालून आली, वाकून चपला सरळ केल्या, आणि हसली. वाकून चपला सरळ करताना मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, “दोन.” त्यांनी कागदावर ‘चांगला आराम’ एवढंच लिहिलं.

आणि मी तिला बाजूला घेऊन विचारलं, “आई, नक्की दोन का? एक नसेल? नीट बघ ना.”

मला हे विचारायची काहीही गरज नव्हती. कुठलं बिल अडणार नव्हतं. मला ती पास व्हायला हवी होती. कदाचित भीतीही होती. त्या नियमामागे काही शहाणपण असेल, तर पंचाहत्तर म्हणजे चुकीची नस, आणि मी तिची पाठ उगाच जाळणार. म्हणजे आकडा खरा हवा म्हणून मी विचारत होते, की हवा तो आकडा खरा व्हावा म्हणून, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. तिने माझ्याकडे वजनकाट्यावरच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

“तुला किती पायजे?” ती म्हणाली.

दुसरं इंजेक्शन मी आग्रहाने द्यायला लावलं. डॉक्टर म्हणाले गरज नाही, पण दिलं. त्या वेळी मी खोलीबाहेर थांबले आणि आकडा विचारला नाही. ती बाहेर आली आणि म्हणाली, “पुढच्या वेळंला रिक्षा नको, चालत जाऊ स्टँडपर्यंत.” त्यावर मी ठरवलं.

तीन नसा जाळल्या. हॉस्पिटलच्या बिलावर लिहिलं होतं, ‘आरएफ प्रोसिजर, नग १’. आईने एसटीत तो कागद मागून घेतला. तिला अक्षरं जुळवत वाचता येतं, आकडे चांगले येतात.

“तीन जागी टोचलं ना?”

“हो.”

“आन् एकच लावलं?”

“त्यांच्याकडे तसंच धरतात.”

“बरं हाय मंग,” ती म्हणाली आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला. जरा वेळाने म्हणाली, “आमच्या येळंला दोघं मिळून एक धरायचे तवा कुणी आम्हाला स्वस्तात पडलं असं म्हणलं न्हाई.”

ऑफिसमध्ये ती पट्टी अजून आहे. मी ती काढण्याची विनंती टाकली होती, कारण म्हणून दोन ओळी लिहिल्या होत्या. ग्राहकाला ती आवडते, असं उत्तर मिळालं. मग मी एवढंच करून घेतलं, की पट्टी आकडा नोंदवून जतन झाल्यानंतर दिसेल, आणि त्यानंतर आकडा बदलला तर जुनाही राहील. यामुळे उद्या कुणा डॉक्टरची दया पकडली जाईल, हे मला कळतं. पंचाहत्तरची बाई पुन्हा बाहेर राहील. तरी मी तेच केलं, आणि ते बरोबर केलं का याबद्दल माझं मत आठवड्याला बदलतं.

आईला पाच महिने होत आले. नस कधी परत वाढेल सांगता येत नाही, म्हणून मी लॅपटॉपवर एक साधा तक्ता ठेवला आहे. रविवारी फोन करते, तारीख टाकते आणि ती सांगेल ते लिहिते. मागच्या रविवारी ‘कांद्याचे दोन वाफे खुरपले, मग बसले’ असं आहे. त्याआधीच्या रविवारी ‘हंडा एकटीने उचलला, तुझ्या बापाला सांगू नको’. त्या रकान्याचा प्रकार अंक होता, तो मी मजकूर केला.